आठ डब्यांची गाडी

जेवण झालं की प्रमिलाबाईंचा डोळा लागतो तो यजमानांच्या, वामनरावांच्या आरामखुर्चीत. समोर टेबलभर खेळण्यातले रूळ, प्लायवूडचा डोंगर, त्याच्या माथ्यावर कागदाचं इगतपुरी स्टेशन, आणि डोंगरावरच्या घाटात निम्म्यावर अडकलेलं निळं इंजिन, मागे आठ डबे. पापण्या जड होताहेत आणि पंख्याची घरघर हळूहळू चाकांची होते आहे.

तो आवाज त्यांना पाठ आहे. चार महिन्यांपूर्वी भाजी घेऊन परतल्या तेव्हा हाच येत होता. इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि जन्मभर भुसावळहून मालगाड्या हाकलेले वामनराव याच खुर्चीत मान टाकून बसले होते. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला आहे, ही गाडी एकदा वर चढवायची. माणूस अर्ध्या घाटात असताना गेला, ही बोच त्यांना धड जेवू देत नाही. पण बटण दाबलं की चाकं नुसती फिरतात, गाडी तसूभर हलत नाही.

"सरक जरा," कोणीतरी म्हणतं.

वामनराव ओट्यापाशी उभे आहेत, अंगात ड्यूटीचा शर्ट. या खोलीत ओटा कधी आला, बाईंना कळत नाही. ओट्यापलीकडे कसाऱ्याचा फलाट आहे आणि त्यावर धुकं. त्यांना रडू येत नाही, उलट रागच येतो.

"हाक का नाही मारलीत? मी कोपऱ्यावरच होते."

"गाडी घाटात होती गं," ते ओशाळून सांगतात.

घ्या! बेचाळीस वर्षांच्या संसाराला हे उत्तर. जित्याची खोड मेल्यावर तरी जाते म्हणतात, यांची तेव्हाही गेलेली नाही.

बाई मग गाऱ्हाणं सांगतात. इंजिनाच्या पोटात शिशाचे तुकडे भरले, वजन वाढावं म्हणून. मागच्या चाकांना रबराची कडी बसवली, रुळाला घट्ट धरावं म्हणून. आता खऱ्या इंजिनासारखी चाकाखाली वाळू टाकू का, असंही विचारतात. वामनराव दचकतात. एवढ्याशा इंजिनात वाळू गेली तर आतली दातेरी चाकं खाऊन टाकेल, म्हणतात. बाकी त्या दिवशी आठ डब्यांना इंजिन हलकंच पडलं होतं; वजन भरलं हे बरोबर, रबरही बरोबर.

ते खाली वाकतात. रूळ आता खरा आहे, गुडघ्यापर्यंत गवतात बुडालेला. त्यावरून फिरवलेलं बोट चकाकतं.

"हे काय लावतेस?"

"शिलाई मशीनचं तेल. रोज पुसते. तुमच्या वस्तूला गंज नको चढायला."

ते बोट शर्टाला पुसतात.

"अगं, तेलावर कुठलं चाक धरेल?"

 चार महिने ज्या मायेने बाईंनी रूळ पुसले, तिनेच गाडी अडवून धरली होती. वामनराव रागवत नाहीत. स्पिरिटचा बोळा बाईंच्या हातात देतात, एक स्वतः घेतात. एक रूळ वामनरावांचा, एक बाईंचा. दोघं पुसत पुसत घाट चढू लागतात. बोगद्यात शिरतात तर आत त्यांच्या जुन्या क्वार्टरचं अंगण आहे, दोरीवर त्यांचेच कपडे वाळताहेत. अंगण ओलांडलं की पुन्हा दरी. इतका वेळ दोघं मिळून कधी चालली होती, बाईंना आठवत नाही. ड्यूटीने तेवढी सवडच दिली नव्हती.

माथा दिसतो आणि बाईंचा हात मंदावतो. गाडी वर आली की यांना थांबायला काय कारण उरणार?

"उरलेलं उद्या पुसू," त्या म्हणतात. "मला एकटीला करमत नाही हो."

"मागे गाडी खोळंबलीये, प्रमिला."

नावाने हाक त्यांनी जन्मात मारली नव्हती. बाई मान खाली घालतात आणि शेवटचा वीतभर रूळ स्वतःच्या हाताने पुसून काढतात. मागून दमदार, न घसरणारी धडधड वर येते आहे. त्या वळून बघतात.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. डोंगराच्या माथ्यावर, कागदी इगतपुरीच्या फलाटाला गाडी लागली आहे, आठही डब्यांसकट. बटण बंद आहे. घरात दुसरं कोणी नाही.

बाई उठून इंजिनावर तळवा ठेवतात. ते गरम आहे, आत्ताच चढून आल्यासारखं. ते पुरतं गार होईपर्यंत त्या हात काढत नाहीत.