हळू बोला, म्हातारी आजारी आहे

मदत करणाऱ्यांनी फौजदारणीचा जीव नकोसा करून टाकला होता.

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे. टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांचा निवारा ती चालवायची आणि ऊठसूट हुकूम सोडायची, म्हणून मदतनीसांनी पाठीमागे तिचं बारसं करून टाकलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण हुकूम नाही सोडले तर काय होतं, ते या लोकांनी एकदा बघायला हवं होतं. सुट्टीच्या दिवशी शाळेतली पोरं यायची ती सगळी आंघोळ घालायला. आणि घालायची कुणाला, तर जो कुत्रा गपगुमान उभा राहतो त्याला. सकाळी एका टोळीनं त्याला न्हाऊ घातलं की दुपारी दुसरी टोळी साबण घेऊन हजर. पिंजरे धुवा म्हटलं की सगळ्यांना एकदम घरचा अभ्यास आठवायचा.

शेजारचा शिंपी लोकांनी दिलेल्या जुन्या चादरींची अंथरुणं शिवायचा, तीही फुकट. पण झालर लावल्याशिवाय त्याला चैन पडेल तर ना! पिल्लं सगळ्यात आधी झालर खायची आणि मग दिवसभर ओकत बसायची. "झालर नको हो," हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. "दिसायला बरं दिसतं," हे शिंप्याचं ठरलेलं उत्तर. निवृत्त पोस्टमनकाका कुत्र्यांना फिरवून आणायचे, म्हणजे आपल्या जुन्या वाटेनं दारोदार गप्पा मारत जायचे. कुत्री दर दारात बिस्किटं हाणून यायची आणि संध्याकाळी ताटलीकडे ढुंकून बघायची नाहीत. यांना नको म्हणावं तर काम अडतं, या म्हणावं तर वाढतं. करायचं काय माणसानं?

त्यात म्हातारी आली. तांबूस रंगाची, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेली कुत्री. तिची मालकीण एकटीच राहायची. ती वारली, तेव्हा शेजारणीनं कुत्रीला इथं आणून सोडलं. जाता जाता म्हणाली, "फार सोसलंय हो हिनं. बाई दिवसभर हिच्यावर ओरडत असायच्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं आम्हाला."

फौजदारणीनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आणि पिंजऱ्यावर लावली: 'हळू बोला, म्हातारी आजारी आहे.' तिचा हा एकच हुकूम लोकांनी मनापासून पाळला. पोरं लाडीगोडी लावायची, शिंपी अंगाई म्हटल्यासारखा बोलायचा, पोस्टमनकाका तर नुसते ओठ हलवायचे. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भात झाला, अंडी झाली, चिकन झालं, ती कशाला तोंड लावेना. डॉक्टर सलाईन लावून गेले. "नुसत्या सलाईनवर किती तग धरणार?" ते म्हणाले. "पोटात अन्न गेलं नाही तर ही काही जगत नाही."

आणि नेमकं तेव्हाच घराचं रंगकाम काढलेलं. रंगाच्या वासानं सासूबाईंना खोकला लागला, नवरा कामावर, म्हणून त्यांना बरोबर निवाऱ्यात आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लग्न झाल्यापासून सासूबाई तिच्याशी एकदा तरी सरळ आवाजात बोलल्या असतील तर शपथ! त्या नाकाला रुमाल लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. इथं वास येतो, ती मांजर माझ्याकडे का बघते, त्या माणसाला झालर सरळ लावता येत नाही का, असा तोंडाचा पट्टा सुरू झाला. मग त्यांची नजर म्हातारीच्या भरल्या ताटलीवर गेली.

"हे अन्न असं का पडलंय?"

"आई, हळू बोला. ती खात नाही."

"खात नाही म्हणजे?" सासूबाई उठल्या आणि तडक पिंजऱ्यापाशी गेल्या. "काय गं ए! कुणासाठी शिजवलंय हे? थेरं चालायची नाहीत माझ्यापुढं! ऊठ आधी!"

शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली. फौजदारणीचं डोकंच फिरलं. "आई, पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?" ती ओरडली, आणि ओरडताना तिला दिसलं की म्हातारीचा कान हलला. मग शेपूट हललं. म्हातारी लटपटत उठली, आवाजाच्या रोखानं आली आणि ताटलीत तोंड घालून खायला लागली.

"सावकाश! कुणी पळवतंय का?" सासूबाई खेकसल्या. शेपूट आणखी जोरात हलू लागलं.

फौजदारणीला आता उमगलं. त्या एकट्या घरात मालकिणीला बोलायला दुसरं होतं तरी कोण? ते ओरडणं कानावर पडल्याशिवाय म्हातारीला जेवायला बोलावलंय, हे कळणार कसं? आणि आपण शहाणपणानं पाटी लावून तिला उपाशी मारायला निघालो होतो. तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं ती पाटी उपटून कचऱ्यात फेकली.

आता हात जोडायचे ते सासूबाईंना. "रोज यायचं? आणि माझ्या गुडघ्यांचं काय?" असं म्हणून त्यांनी घरी जाताना रस्ताभर भाव खाल्ला.

त्या संध्याकाळी रंगाच्या वासात तिघं जेवायला बसली. दमून फौजदारणीला घास जाईना. अर्धं ताट तसंच ठेवून ती उठली.

"हे काय गं? कुणासाठी शिजवलंय हे?" सासूबाई कडाडल्या. "बस आधी!"

आता भांडण पेटणार म्हणून नवऱ्यानं मान खाली घातली. फौजदारणीनं उत्तर तोंडाशी आणलं, सासूबाईंकडे बघितलं आणि गिळलं. ती परत बसली, ताट ओढलं आणि खाऊ लागली.

"सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "कुणी पळवतंय का?"