विंझरच्या मास्तरांची नोंद

भोरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हाची ही गोष्ट. पुण्यातल्या एका संस्थेनं जिल्ह्याचा चरित्रकोश काढायचा घाट घातला आणि भोर-वेल्हे या दोन तालुक्यांच्या नोंदी माझ्या गळ्यात पडल्या. पडल्या म्हणजे मीच मान पुढे केली. बायको पुण्यात बँकेत नोकरीला, मुलगा तिथल्याच शाळेत. सुरुवातीला मी दर शनिवारी दुपारची एसटी पकडून घरी जायचो. मग मुलाचे रविवारचे क्लास सुरू झाले, बायकोनं गाण्याचा वर्ग लावला, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की मी नुसता बसलोय आणि येणारे-जाणारे माझे पाय ओलांडतायत. भांडण काही नव्हतं. माझ्यावाचून त्यांची घडी छान बसली होती, एवढंच. कोशाचं काम आल्यावर मी फोन करून सांगितलं, आता रविवारी जमणार नाही. "बरं," ती म्हणाली. तिनं थोडी तरी कुरकुर करावी असं मला फार वाटत होतं.

संस्थेनं नियमांचा एक कागद पाठवला होता. ज्याची नोंद करायची त्याच्याविषयी निदान दोन ठिकाणी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. तो लिहिणारा नातलग नसावा, मिंधा नसावा, आणि नोंद लिहिणारा स्वतः तर नसावाच. माणसानं लिहिलेली स्वतःची पुस्तकं हा त्याच्या थोरवीचा पुरावा धरायचा नाही. मला हे नियम मनापासून पटले. आमच्या भागात हार घालून घेणाऱ्यांचा तुटवडा नाही, आणि मी मुळात खडूस. पहिल्या दोन महिन्यांत बरेच समाजभूषण मी एका ओळीत निकालात काढले आणि त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

मग विंझरहून एक जाड पाकीट आलं. पाठवणारे गावातले निवृत्त पोस्टमास्तर. सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा. त्यांनी स्वखर्चानं तीन पुस्तिका काढल्या होत्या आणि तिन्हींचं म्हणणं एकच: माणूस माकडापासून झालेला नाही, सृष्टीतला प्रत्येक जीव देवानं जसा आज आहे तसाच घडवला, आणि शाळेत शिकवतात ते सगळं थोतांड. यातली पहिली पुस्तिका मी फार पूर्वी वाचली होती. वाचून माझं डोकं इतकं फिरलं होतं की भोरच्या साप्ताहिकात मी एक पत्र धाडलं होतं. लेखकानं लिहिण्याआधी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक एकदा चाळावं, असं त्यात होतं. तरुणपणी माणूस अशी पत्रं लिहितो आणि वर छापून आल्याचा आनंदही मानतो.

पाकिटात अकरा कात्रणं होती. दहा बातम्या होत्या: पुस्तिकेचं प्रकाशन, व्याख्यान, सत्कार. अकरावं कात्रण माझं पत्र.

ज्येष्ठ महिन्यात मी स्कूटर काढली. भोरहून कापूरहोळ, तिथून हमरस्त्यानं कामथडीवरून नसरापूर, मग वेल्ह्याच्या रस्त्याला लागून विंझर. तासाभराची वाट. मास्तर अंगणात खाट टाकून बसले होते. बायको वारलेली, मुलगा हडपसरला, घरात एकटेच. मी नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले.

"म्हंजी तुमीच ते भोरचे सर. पत्र लिवलं हुतं तुमी."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणालो, ते फार वर्षांपूर्वीचं आहे.

"असू द्या की. पुस्तक पुरतं वाचलेला मानूस तुमीच. गावात पन्नास जनांस्नी फुकाट वाटलं, एकानं उघडलं न्हाई."

त्यांनी गवती चहा घातलेला कोरा चहा केला आणि आम्ही जे सुरू झालो ते ऊन उतरेपर्यंत. त्यांचा सगळा सिद्धान्त भातावर उभा होता. आंबेमोहोर पेरला तर आंबेमोहोरच उगवतो, इंद्रायणी पेरली तर इंद्रायणीच, मग माकडाच्या पोटी माणूस येईल कुठनं? मी म्हणालो, मास्तर, इंद्रायणी हे वाणच मुळी दोन जातींच्या संकरातून काढलेलं आहे, आपल्या डोळ्यांदेखत. आधी नव्हतंच ते. मला वाटलं, संपला खेळ. मास्तरांनी बशीतला चहा संपवला.

"मंग काडलं ना कुनीतरी? आपोआप तर न्हाई झालं. त्येच म्या म्हंतोय."

इतक्या वर्षांत वर्गातल्या एकाही पोरानं मला असं अडवलं नव्हतं. त्याला उत्तर आहे, चांगलं पुरेसं आहे, पण ते मला कामथडीच्या पुढे आल्यावर सुचलं. मी स्कूटरवर एकटाच हसत होतो. भोरला खोलीवर गेल्यावर कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि तिथं कोण होतं? पुढच्या रविवारी ते उत्तर घेऊन मी परत विंझरला गेलो.

कोशाचं काम मी सोडलं नव्हतं. आषाढ-श्रावणात कॉलेज सुटल्यावर वाचनालयात बसून मी साप्ताहिकाचे जुने अंक काढले. मास्तरांच्या दहाही बातम्या सापडल्या. खोटं काही नव्हतं. फक्त प्रत्येकीत ते "विंझरचे भूषण" आणि "सखोल विचारवंत" होते, आणि प्रत्येकीवर "आमच्या वार्ताहराकडून" असं छापलेलं होतं. त्याच लेखणीची वळणं मग मला इतर बातम्यांतही दिसायला लागली. विंझरची यात्रा, बैलाला साप चावला, कुणाची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. मी साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, शाईनं बरबटलेल्या टेबलाशी बसलेले. विचारलं, विंझरचा वार्ताहर कोण हो तुमचा?

"मास्तर की," ते म्हणाले. "पहिल्यापासून तेच. पोस्टाच्या थैलीतनंच बातमी यायची. तिकडं दुसरं कोण लिहिणार?"

म्हणजे दहाच्या दहा बातम्या मास्तरांनीच मास्तरांविषयी लिहिल्या होत्या. राहिलं माझं पत्र. ते खरं स्वतंत्र होतं, पण नोंद लिहिणाऱ्याचं स्वतःचं लिखाण चालत नाही. शून्य उरलं.

मला संताप यायला हवा होता. इतरांची नावं मी याहून कमी कारणानं कापली होती. पण मला आठवत राहिलं ते हे की गावातल्या प्रत्येकाची बातमी या माणसानं लिहिली होती. जन्मलेल्यांची, मेलेल्यांची, दहावी पास झालेल्यांची. आणि त्याचं पुस्तक निघालं तेव्हा त्याची बातमी लिहायला दुसरं कुणी नव्हतं. खेड्यातल्या वार्ताहराचा रिवाजच तो, गावची बातमी त्याच्याच हातून जायची. मास्तरांच्या लेखी ती लबाडी नव्हतीच. पुस्तक निघालं ही बातमी होती आणि बातम्या कळवणं हे त्यांचं काम होतं.

त्याच आठवड्यात नकाराचा शेरा लिहून टाकायला हवा होता. मी लिहिला नाही. दयेपोटी, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. शेरा लिहिला की विंझरला जायचं कारण संपणार होतं.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. रविवारी जाऊन मी मास्तरांना म्हणालो, पुरावे थोडे कमी पडतायत. एखादं पत्र, एखादा अभिप्राय मिळतो का बघा. मास्तर लगेच कामाला लागले. भाद्रपदात त्यांनी पेटी उपसून वाचकांची कार्डं काढली. दोन होती, एक मेव्हण्याचं. दिवाळीच्या आत हिर्डोशीला पायपीट करून एका जुन्या शिक्षकाचं पत्र आणलं, आणि त्या शिक्षकानं पुस्तक वाचलेलंच नव्हतं. दर वेळी मी चष्मा लावून कागद वाचायचो, मान हलवायचो, म्हणायचो, अजून एखादं हवं. मग कागद बाजूला पडायचे आणि आमचा वाद सुरू व्हायचा. देवमाशाचे मागचे पाय, कोंबडीचे दात, माणसाचं माकडहाड. कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावर बसून आम्ही तावातावानं भांडायचो. आठवडाभर मी वर्गात शिकवताना मास्तर याला काय म्हणतील याचा विचार करायचो. उत्क्रांतीचा धडा इतका चांगला मी पूर्वी कधी शिकवला नव्हता.

मार्गशीर्षात मास्तरांचा मुलगा त्यांना हडपसरला न्यायला आला होता. मास्तरांना खोकला होता, थंडी वाढत होती. ते गेले नाहीत.

"म्हनलं, रईवारी सर येत्यात. नोंद अर्धी ऱ्हाईल."

मी बशी उचलून चहा प्यायलो.

पौषात मी हद्द केली. बोलता बोलता म्हणालो, पुण्यातल्या एखाद्या प्राध्यापकानं चार ओळी दिल्या तर वजन पडेल. कुठलाही प्राध्यापक असल्या पुस्तिकेवर चार ओळी देणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मला फक्त अजून दोन-तीन रविवार हवे होते. मास्तरांनी कुठून तरी एकाचा पत्ता काढला, पहाटेची एसटी धरली आणि पिशवीत तिन्ही पुस्तिका घेऊन पुण्याला गेले. त्या बंगल्याच्या फाटकापाशी ते दुपारपर्यंत बसले. आतून निरोप आला, साहेबांना वेळ नाही. पुस्तिका फाटकाच्या कठड्यावर ठेवून ते परत आले.

मी गेलो तेव्हा ते खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. घोटे सुजले होते. मला बघून त्यांनी पाय खाली घ्यायची धडपड केली.

"माफ करा सर. रिकाम्या हातानं आलो."

ते माझी माफी मागत होते. त्यापुढे माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, मास्तर, नोंद होणार नाही. बातम्या तुमच्याच हातच्या आहेत आणि पत्र माझं आहे. दोन्ही चालत नाहीत.

त्यांना पहिल्यांदा ते नीट कळलंच नाही. "पर बातम्या वार्ताहरानंच द्यायच्या असत्यात की. दुसऱ्या कुनी द्यायच्या?" मग हळूहळू चेहरा बदलला.

"तुमास्नी कवा कळालं ह्ये?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "श्रावणात."

"आन आता पौष सरत आला. मंग येवढं रईवार कशापायी आलासा?"

मी आयुष्यात ते वाक्य कुणाला म्हणालो नव्हतो, बायकोलाही नाही. "मला बोलायला कुणी नाही, मास्तर," मी म्हणालो. "इथं आलो की बरं वाटतं."

ते रागावले असते तर मी सोसलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याही खाल्ल्या असत्या. ते रागावले नाहीत. खाटेवर पसरलेली कात्रणं, कार्डं, हिर्डोशीचं पत्र त्यांनी गोळा केलं आणि पिशवीत भरलं. माझं पत्र त्यात सगळ्यात वर होतं.

"त्ये आदी सांगायचं हुतं, सर," ते म्हणाले. "म्या कागुद कशाला गोळा करत बसलो असतो? बसलो असतो की नुसतं बोलत. मला तरी कोन हाय?"

मग ते पिशवी घेऊन लंगडत आत गेले. मी बाहेर थांबलो. चूल पेटल्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं मी स्कूटर सुरू केली.

सोमवारी मी शेरा लिहून पोस्टात टाकला: पुरेसे स्वतंत्र संदर्भ उपलब्ध नाहीत. पुढच्या रविवारी परत विंझरला गेलो. त्या दिवशी माझ्याजवळ फाइल नव्हती, नियमांचा कागद नव्हता, विचारायला एकही प्रश्न नव्हता. मास्तरांच्या दाराला कुलूप होतं आणि खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. शेजारच्या घरातल्या बाई सूप घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, गुरुवारीच पोराकडं गेल्यात हडपसरला, घर आवरूनशान गेल्यात.

"कधी येणार, काही बोलले?"

"न्हाई बा. काय काम हुतं?"

"काम काही नव्हतं," मी म्हणालो. "नुसतं बोलायला आलो होतो."