मास्तरांच्या टाचणातला विद्यार्थी

घाबरावं कसं हे शिकायचं असेल तर आमच्या वरच्या खोलीतल्या मास्तरांकडे शिकावं. मी स्वतः जन्माचा भित्रा. समुद्राकाठची वाडी सोडून उस्तादांच्या मागे बीडला त्यांच्या बेकरीत आलो त्याला आता सहा वर्षं होतील, तरी मला अजून इथल्या उन्हाची भीती वाटते, बसस्टँडची वाटते, बँकेतल्या काचेमागच्या बाईची वाटते. पण माझी भीती अडाणी. कुठूनही येते, कशासाठीही येते. मास्तरांची भीती शिकलेली होती. तिला उद्देश होता, पायऱ्या होत्या, आणि शेवटी गृहपाठसुद्धा होता.

खरं तर तेव्हा ते मास्तर नव्हतेच. वय पस्तिशीच्या पुढे, अंगानं काटकुळे, शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं, आणि बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. मूळचे सिरसाळ्याचे. तिथं बी-बियाण्याच्या दुकानात त्यांनी बारा वर्षं काढली आणि त्यातच बाहेरून बी.ए. केलं. रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या आधी मंडळीतल्या लहान मुलांना ते गोष्टी सांगायचे. एका रविवारी गोष्ट संपली आणि मुलं उठेचनात, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की प्रभू आपल्याला या कामाला बोलावतो आहे. दुसरा कुणी आनंदला असता. मास्तरांना ताप आला. "मला विचारलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो," ते मला सांगायचे, "पण विचारलंच न्हाई ना गड्या. नुसतं बोलावलं." त्यातून लहानपणी कुणा पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यात घालून ठेवलं होतं की शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच झडती होणार, पण शिकवणाऱ्यांची जास्त कडक होणार. ते वाक्य मास्तरांनी खिशातल्या औषधासारखं कायम जवळ बाळगलं. बियाणं खोटं निघालं तर एक हंगाम जातो, पोराला खोटं शिकवलं तर काय काय जाईल, हा प्रश्न ते जेवताना विचारायचे. मग माझंही जेवण जायचं.

बेकरीच्या वर एकच खोली होती आणि उस्तादांनी ती आम्हा दोघांत दिली होती. मास्तरांच्या मंडळीत भेटल्यावर 'सलाम' म्हणायची रीत. त्यामुळे ते बेकरीत शिरताना "सलाम उस्ताद" म्हणत, उस्ताद "वालेकुम सलाम" म्हणून चहा सांगत, आणि दोघांनाही आपापल्या धर्मात काही कमी पडल्यासारखं वाटत नसे. चहाला मात्र अडचण होती. मास्तर प्रार्थनेशिवाय तोंडाला काही लावत नसत, आणि त्यांची प्रार्थना म्हणजे हजेरी. सरावाच्या शाळेत त्यांना जो वर्ग मिळाला होता त्यातल्या बेचाळीस मुलांची नावं ते हजेरी क्रमांकानं प्रभूपुढे ठेवत. गैरहजर मुलांची तर सविस्तर ठेवत. पंचविसाव्या क्रमांकाच्या आसपास चहावर साय धरायची. उस्ताद शेवटी दोन चहा सांगायला लागले, एक प्रार्थनेसाठी आणि एक प्यायला.

फळ्यावर लिहिण्याचा सराव ते भट्टीच्या काळ्या पत्र्यांवर करायचे. दुपारी भट्टी थंड झाली की पत्रे भिंतीला टेकवायचे, खडू घ्यायचा, आणि रेघ हलू नये म्हणून डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून महाराष्ट्र काढायचा. एकदा पत्रा पुसायचा राहिला. दुसऱ्या दिवशी खारीच्या बुडाला सह्याद्रीची रांग उठली. "मास्तर," उस्ताद म्हणाले, "गिऱ्हाईक खारी खायला येतंय, नकाशा वाचायला न्हाई." मास्तरांनी एवढी माफी मागितली की उस्तादांनी ती सगळी खारी आम्हालाच खायला दिली.

माफी हा त्यांचा दुसरा विषय. सरावाच्या तासाला एका मुलाला त्यांनी "चूक, खाली बस" म्हटलं, तेही हळू. ते त्यांना इतकं लागलं की सुटी बघून बस पकडून ते त्या मुलाच्या घरी नेकनूरला गेले. दारात शाळेचे मास्तर बघून बापाला वाटलं तक्रार घेऊन आले, आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत त्यानं पोराला दोन ठेवून दिल्या. मग मास्तरांना पोराची दुसऱ्यांदा माफी मागावी लागली आणि बापाला समजावता समजावता शेवटची बस गेली. ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून परत आले आणि म्हणाले, "बघ, मी अजून शिकवायला लागलो न्हाई तर ही गत हाय."

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. बी.एड.ला प्रत्येक पाठाचं टाचण काढावं लागतं. वहीत उभे रकाने असतात. एका रकान्यात शिक्षक काय विचारणार ते लिहायचं, शेजारच्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार ते. म्हणजे वर्गात जायच्या आधीच मुलांची उत्तरं लिहून ठेवायची. सगळे विद्यार्थी-शिक्षक ती लिहितात. त्या वह्यांतली मुलं कधी चुकत नाहीत. मास्तर मात्र इथं अडून बसले. मूल बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं म्हणजे खोटी साक्ष, आणि शिकवण्याच्या कामाची सुरुवात खोट्या साक्षीनं करायची त्यांची छाती होईना. बरेच दिवस त्यांनी तो रकाना कोराच ठेवला आणि टाचणं तपासणाऱ्या कॉलेजातल्या मॅडमची बोलणी खाल्ली. मग त्यांना तोड सुचली. घरात एक सातवीतून शाळा सोडलेला माणूस आयताच होता.

दुपारी ते मला पत्र्यासमोर बसवायचे, प्रश्न विचारायचे, आणि मी जे बोलेन ते अक्षरशः रकान्यात उतरवायचे. मला कुणी प्रश्न विचारला की माझे हातपाय गार पडतात. गिऱ्हाईक पावाचा भाव विचारतं तेव्हासुद्धा मी आधी उस्तादांकडे बघतो. पण मास्तर माझ्याहून जास्त घाबरून विचारायचे, त्यामुळे मला उत्तर देणं भाग पडायचं.

सत्राच्या शेवटी वार्षिक पाठ असतो. बाहेरचे परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि त्या एका पाठावर पुष्कळ काही ठरतं. सातपुड्यातल्या एका वसतिशाळेनं मास्तरांसाठी जागा जूनपर्यंत धरून ठेवली होती. पदवी हातात आली तर तिकडे, नाहीतर परत सिरसाळ्याला बियाणं विकायला. पाठाचा विषय होता महाराष्ट्रातल्या नद्या. टाचणावर मॅडमची सही झाल्याशिवाय वर्गात उभं राहू देत नाहीत. पाठाला तीन दिवस राहिले असताना मास्तर सही न होताच परत आले आणि कोपऱ्यात बसले.

मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांची वही वाचली होती. प्रश्न, गोदावरी कोणत्या दिशेला वाहते? विद्यार्थी, पश्चिमेला, समुद्राकडे. प्रश्न, समुद्र किती दूर आहे? विद्यार्थी, जवळच असतो, वास येतो. "बीडला समुद्राचा वास येतो का?" मॅडमनी विचारलं होतं. "परवा सकाळपर्यंत उत्तरं दुरुस्त करून आणा. नाहीतर या वर्षी तुमचा पाठ नाही."

ऐकताना माझ्या कानात भट्टी पेटल्यासारखं झालं. सगळी उत्तरं माझी होती. आमच्याकडच्या नद्या डोंगरातून उतरतात आणि पश्चिमेला समुद्राला मिळतात, मी लहानपणापासून तेच बघत आलोय. देशाच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक समुद्र आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं त्या दिवशी मी शाळेत नसेन. या माणसानं माझी मळलेली चादर स्वतः धुतली होती, मला कावीळ झाली तेव्हा आठ दिवस उसाचा रस आणून पाजला होता, आणि मी त्याची पदवी बुडवणार होतो. मी त्यांच्या पाया पडायला गेलो. म्हटलं मास्तर, लिहा की पूर्वेला, कोण बघतंय. ते म्हणाले, "तेच तर. कोण बघतंय ते मला माहीत हाय."

मी वही उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. शेवटी मीच म्हणालो, मला शिकवा. मला खरंच आलं तर तुम्हाला खरंच लिहिता येईल. आयुष्यात मी एवढं धाडसाचं काही बोललो नव्हतो आणि बोलल्याबरोबर मला घाम फुटला.

उस्तादांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सुटी दिली. "पोरा, आज मैदा मी मळतो," म्हणाले, "तू नद्या मळ." मास्तरांनी मोठा पत्रा जमिनीवर आडवा ठेवला. त्याच्या डाव्या कडेपासून वीतभर अंतरावर मैद्याच्या गोळ्यांची उंच रांग केली, हा सह्याद्री. डाव्या कडेखाली वीट सरकवली. मग गोळ्यांच्या उजव्या अंगाला तांब्यातून बारीक धार सोडली. पाणी जरा थांबलं आणि आख्खा पत्रा ओलांडून उजव्या कडेला निघून गेलं. मी बघतच राहिलो. डावी कड तर वीतभरावर होती. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही, जवळचा समुद्र सोडून ही एवढ्या लांबच्या समुद्राला कशाला जाते?

"तिनं काय ठरवलेलं न्हाई गड्या," मास्तर म्हणाले. "उतार तिकडं हाय."

मला आजवर कुणी शिकवलेलं एवढं आत गेलेलं नाही. मग त्यांनी वही उघडली, प्रार्थना केली, तीत बेचाळीस मुलांच्या पुढे त्रेचाळिसावं माझं नाव घेतलं, आणि विचारायला सुरुवात केली. मी उत्तरं देत गेलो. पाठ केलंय की समजलंय हे बघायला ते मधेच प्रश्न उलटा फिरवायचे. दहा प्रश्न झाले, दहाही बरोबर आले, आणि दर उत्तराला मास्तर माझ्याकडे असे बघत होते जसं मी नदीतून मासा काढून दिला. अकरावा प्रश्न शेवटचा होता. नदीचा तुमच्या जीवनाशी काय संबंध आहे?

मला घरामागची खाडी दिसली. आई खेकडे धरायला उतरायची ती पायवाट दिसली, आणि ओहोटीचा चिखल. यातलं कुठलं उत्तर असतं ते मला कळेना. मास्तरांनी घाई केली नाही, पेन खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन मैद्यानं भरलेल्या जमिनीवर बसले. पुष्कळ वेळानं मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी रकान्यात लिहिलं, विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसतो, मग म्हणतो, माहीत नाही.

ती ओळ बघून मी पुन्हा हवालदिल झालो. सकाळी मास्तर सहीला गेले आणि मी खारीचा एक आख्खा घाणा जाळला. उस्तादांनी तो बाजूला काढला. ते स्वतः दर दोन मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघत होते. मास्तर आले ते सही घेऊन. मॅडमनी दहा उत्तरं भराभर बघितली, अकराव्यापाशी थांबल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "राहू दे. वर्गात एवढा एक तरी असतोच."

पाठाच्या दिवशी पत्रा, वीट आणि मैदा घेऊन मी त्यांच्याबरोबर शाळेत गेलो. पंधरा वर्षांनी शाळेच्या फाटकातून आत जाताना मी पत्रा तोंडापुढे धरला. व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो. मास्तरांचा आवाज पहिल्या पाच मिनिटांत दोनदा बसला. पण पाणी पत्र्यावरून निघालं तशी मुलं बाकांवर उभी राहिली आणि मास्तरांचाही आवाज मोकळा झाला. शेवटचा प्रश्न आला. त्या शाळेतल्या मुलांना दर वर्षी बी.एड.वाले शिकवून जातात, त्यामुळे त्यांना सगळी उत्तरं ठाऊक. शेती, वीज, पिण्याचं पाणी, एका सुरात म्हणून झालं. परीक्षकांनी समोरच्या टाचणात बघितलं. तिथं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि मी खिडकीचा गज घट्ट धरला.

मास्तर मुलांकडे बघत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी बोलली नव्हती. त्यांनी तिला विचारलं, तिनं मान हलवली आणि पुटपुटली, "माहीत नाही." सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते फळ्यापासून चालत मागे गेले, परीक्षकांच्या पुढून गेले, आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. "घाई न्हाई," म्हणाले. वर्ग शांत झाला. बराच वेळ गेला. मग ती मुलगी हळूच म्हणाली की तिची आजी रोज नदीशी बोलते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मास्तर अजून तिथंच बसलेले होते, आणि परीक्षक काहीतरी लिहीत होते.

निकाल लागेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जेवढी भीती खाल्ली तेवढी खारी त्या महिन्यात बीडमध्ये कुणी खाल्ली नसेल. मास्तर पास झाले. जूनच्या सुरुवातीला ते सातपुड्यात गेले. मधून मधून रविवारी उपासना झाल्यावर त्यांचा फोन येतो. अजून वर्गात शिरताना भीती वाटते, म्हणतात. मुलं भितात का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, एकाच खोलीत सगळ्यांनी भ्यायचं म्हणजे गर्दी होईल, म्हणून ते काम त्यांनी एकट्यानं घेतलंय. मग मागून मुलांचा कालवा ऐकू येतो आणि ते घाईनं फोन ठेवतात.

वरच्या खोलीत आता एक औषधाच्या दुकानातला माणूस राहतो. सज्जन आहे, वेळेवर येतो, वेळेवर झोपतो. दुपारी भट्टी निवली की मला दोन तास मोकळे असतात. मी पत्रा भिंतीला टेकवून समोर बसतो. कुणी काही विचारत नाही. सातवीत असताना मी शाळा सोडली ती एवढ्यासाठीच, की कुणी काही विचारू नये.