थंड हातांचा बुखार

ओल्या सुती कापडाचा वास आला की मला दिलसुखनगरची ती दुपार आठवते. थोरल्याला दात येत होते, रात्रभर रडायचा, कित्येक रात्री माझा डोळा लागला नव्हता, आणि त्या दिवशी त्याच्या कपाळाला हात लावला तर तव्यासारखं गरम लागलं, मग मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतच सुटले, लेकरू कुडकुडायला लागलं, मला वाटलं आता हातचं जातंय, तशीच अनवाणी शेजारच्या अक्काला घेऊन ऑटोत बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर बघितलं आणि माझाच हात धरला. "बच्चे को बुखार नै अम्मा, तुम्हारे हाथां बरफ हो गए. सोए नै क्या?" म्हणाल्या, झोप नसली की धडधाकट माणसाचेबी हात गार पडतात, मग सगळंच तापलेलं लागतं. अक्का हसली, "उगीच न्हाऊ घातलंस गे लेकराला!" मला हसू आलं नाही, त्याला ओढणीत गुंडाळून मी उराशी धरलं. आता धाकटी झालीय, परत झोप नाही. तिला बघायच्या आधी हात माझ्याच मानेला लावते, आणि गार लागला की भिंतीवर थापा मारते, "अक्का, या ना, तुम्हीच बघा!"