समिती आत, निष्णात बाहेर

हां, तर समिती आत अडकली, तिथपर्यंत काल आलो होतो. म्हणजे बघा, पाच शहाणी माणसं, एक टेबल, पाण्याचा एक जग आणि दाराला बाहेरून कुलूप. आणि ते काही कुणी चुकून लावलेलं नव्हतं बरं का! मुलाखत गोपनीय, म्हणून अध्यक्षांनीच शिपायाला सांगून लावून घेतलं होतं. ज्याची मुलाखत घ्यायची तो चावीमामा मात्र बाहेरच्या बाकावरच राहिला.

चावीमामा म्हणजे त्या कचेरीची कुलपं बावीस वर्षं सांभाळणारा माणूस. कुलपाला नुसता कान लावला तरी त्याला आतलं दुखणं कळायचं. पण रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहिलेलं काय, तर 'कामचलाऊ'. आता नवा हुकूम निघाला होता. महिनाअखेर सगळे कामचलाऊ घरी. राहील तो फक्त 'निष्णात'. आणि निष्णात कोण, हे ठरवायचं या समितीनं.

तसा हा शब्द मामाच्या घरात रोजच्या वापरातला. "पसारा करण्यात तुमचा हात कोण धरणार? निष्णात आहात!" असं मामी दिवसातून दोनदा म्हणायची. मेहुणा ऐन जेवणाच्या वेळेला टपकण्यात निष्णात, धाकटी लेक रुसण्यात निष्णात. येताजाता कुणालाही फुकट मिळणारा शब्द, पण कागदावर यायचा म्हटला की त्याला पाच सह्या! सकाळी इस्त्रीचा सदरा हातात देताना मामीनं बजावलं होतं, "आज तो शब्द घेतल्याशिवाय घरी येऊ नका. आणि तोंड उघडा जरा. कुलपांशी बोलता, तसं माणसांशीही बोलावं."

तर उमेदवार बाहेर राहिलाय हे ध्यानात आल्यावर शिपायानं किल्ली फिरवली. फिरेना. घाम आला तरी फिरेना.

"मामा, बघा की जरा."

मामा उठला, तोच आतून अध्यक्ष कडाडले, "खबरदार! निकाल लागेपर्यंत उमेदवारानं कचेरीच्या कुलपाला हात लावायचा नाही. नियम आहे."

"मग निकाल लावा ना साहेब," शिपाई म्हणाला.

"मुलाखतीशिवाय कसा लावणार?"

झालं! मुलाखत दारातूनच सुरू झाली. ऐकू यावं म्हणून पाचही जण दाराला कान लावून रेलले. पहिला प्रश्न, निष्णात म्हणजे काय? मामा तोंड उघडणार, तर आतल्या एका विद्वानानंच उत्तर दिलं, "मूळ अर्थ, विद्येत न्हालेला." दुसऱ्यानं विचारलं, "न्हालेला म्हणजे डोक्यावरून, की नुसते हातपाय धुतलेला?" त्यावर तास गेला. जगातलं पाणीही संपलं.

मामाला दुखणं केव्हाच कळलं होतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. पाच जणांचा भार दारावर, म्हणून कुलपाची जीभ चौकटीत घट्ट रुतलेली.

"साहेब, दारापासून जरा मागे व्हा."

"प्रश्न आम्ही विचारायचे!" असं म्हणून ते आणखीच रेलले.

शेवटी उभं राहून पाय भरून आले, तेव्हा पाचही जण मुकाट खुर्च्यांवर जाऊन बसले. शिपायानं किल्ली फिरवली आणि कट्! दार उघडलं. मामाच्या चेहऱ्यावर पेढा... छे, पेढा कसला, साखरेची गोणीच फुटली म्हणा.

अध्यक्षांनी लगेच कागद पुढे ओढला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "दार समितीने स्वतः मागे होऊन उघडले. उमेदवाराने हातही लावला नाही. सबब त्याचे कौशल्य सिद्ध होत नाही."

मामानं इस्त्रीच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "हा निकाल झाला ना साहेब?"

"झाला."

"मग आता हात लावायला हरकत नाही."

असं म्हणून त्यानं दार अलगद ओढून घेतलं, किल्ली फिरवली, काढली आणि शिपायाच्या हातावर ठेवली. आत एकच कल्लोळ झाला. पाचही जण धावत येऊन दारावर आदळले, आणि शिपायाची किल्ली पुन्हा जागची हलेना.

"मामा! अहो मामा!" अध्यक्ष फटीतून गयावया करू लागले. "निष्णात लिहितो, आत्ताच्या आत्ता लिहितो, पण आधी उघडा हो!"

चावीमामानं फटीला तोंड लावलं आणि म्हणाला, "घाई नको साहेब, शब्द मोठा आहे, सगळ्यांनी खुर्चीवर बसून नीट विचार करून लिहा, तोवर मी जेवून येतो."