अर्धं सांगून लावलेला कौल

कसालच्या बाजारात बाबली मेस्त्रीच्या दुकानात शिरणाऱ्याने आधी कान उघडे ठेवावेत. बाबली मालवणीत बोलत असेल तर खुशाल बसावं, चहा मागवावा; माणूस खरं बोलतोय. पण "असं आहे साहेब, तांत्रिकदृष्ट्या विचार केला तर..." अशी गाडी सुरू झाली की समजावं, बाबलीला उत्तर ठाऊक नाही; किंवा ठाऊक आहे आणि द्यायचं नाही. ही खूण अख्ख्या बाजाराला माहीत होती. बाबलीला सोडून.

हात मात्र खरा कारागिराचा. बावीस वर्षं मुंबईत कंप्युटर उघडून मिटून तो गावी परतला होता आणि त्याचा विशेष म्हणजे म्हाताऱ्या मशीन. चालू करून बाईने पेज रांधायला ठेवावी, पेज शिजून खाली उतरावी, तरी पडद्यावर गोल आपला फिरतोच आहे, असले डबे लोक त्याच्याकडे पोत्यात घालून आणायचे. बाबली आतली पालीची अंडी काढी, जुनी घरघरणारी हार्ड डिस्क उपटून तिथे तळहाताएवढी चपटी एसएसडी बसवी, आणि वर नवी विंडोज घाली. ही नवी विंडोज मोठी मानाची पाहुणी. दारातच मशीनचं वय विचारते. जुनं दिसलं की उंबरा ओलांडत नाही. बाबली तिला मागच्या पडवीतून आत घेई. कसं, ते विचारलं की तांत्रिकदृष्ट्या सुरू.

शिवाय बाबली नकला करी. बँकेतला साहेब, मुंबईकर जावई, तालुक्याची बाई, सगळे त्याच्या घशात मुक्कामाला. सर्वांत फर्मास वठे तो हेळवाडीचा महादू गुरव. नवा डबा उघडताना स्क्रू ड्रायव्हर नारळासारखा दोन हातांत धरून बाबली नाकातून सूर काढी:

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या पंधरा वर्सांच्या डब्यात आज नवो जीव घालूक घेतलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

आणि झेरॉक्ससाठी उभी असलेली माणसं हातातले कागद उंचावून ओरडायची, "होय म्हाराजा!"

हेळवाडी हे बाबलीचंच गाव, कसालपासून आत. तिथल्या वाचनालयात एक कंप्युटर होता. मुलांचे फॉर्म, बायकांच्या बचत गटाची पत्रं, काजूच्या रोपांचे अर्ज, सगळं त्याच्यावर. मशीन इतकं जुनं की वाचनालय सांभाळणारी नम्रता त्याला 'आजोबा' म्हणायची. आत घातलेल्या जुन्या विंडोजची मुदत दिवाळीच्या सुमारास संपणार, अशी सूचना पडद्यावर यायला लागली, तेव्हा गावच्या मुंबईकरांच्या मंडळातून निलेशचा बाबलीला फोन आला. फोन लाऊडस्पीकरवर, भोवती दहा माणसं.

"बाबलीकाका, फुटक्या होडीला किती डांबर फासणार? आम्ही नवा पाठवतो ना! तुम्ही फक्त दारावर मंडळाची पाटी लावा."

होडीचं बाबलीला लागलं. पाटीचं गावाला लागलं. एवढ्यावरून जुना ठेवायचा की नवा घ्यायचा, असे दोन तट पडले आणि हेळवाडीच्या रिवाजाप्रमाणे प्रकरण देवळात गेलं. तिथे अडलेला प्रश्न कौलावर सोडतात: देवाच्या पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवा कळा पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. कळे लावायचा मान महादू गुरवाचा. सत्तरीला टेकलेला, आवाज मऊ, आणि एक शब्द इकडचा तिकडे न करणारा माणूस. देवाला काय सांगायचं ते तो आधी जाणकाराकडून नीट समजून घेई. म्हणून तो बाबलीकडे वळला.

"बाबली, हो जुनो ठेवलो तर कितकी वर्सां चलात रे? देवाक नीट सांगूक होया."

बाबलीला उत्तर ठाऊक होतं. त्या मशीनचा प्रोसेसर इतका जुना की मागच्या पडवीतून त्यात शिरू शकेल अशी नव्या विंडोजची आत्ताची आवृत्ती हीच शेवटची. तिच्या पुढची त्यावर जन्मात उठणार नव्हती. आणि ह्या शेवटच्या आवृत्तीचीही मुदत दिवाळीनंतर संपत होती. मशीन पुढेही चाललं असतं, पण चोराचिलटांपासून राखण बंद, आणि त्याच्यावर गावाची आधार कार्डं. हे सगळं मालवणीत चार वाक्यांत सांगता आलं असतं. पण समोर दहा माणसं, आणि कानात होडी.

"असं आहे महादूकाका," बाबली म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या पाच वर्षं त्याला काही होणार नाही."

महादू बाजारात फारसा जात नसे. त्याला खूण माहीत नव्हती. त्याने ते जसंच्या तसं देवाला सांगितलं, "पाच वर्सां काय होवचा नाय, असा जाणकार सांगता म्हाराजा, तर जुनो ठेवचो काय?" आणि उजवा कळा टपकन पडला.

पुढचे सहा महिने बाबलीची वट विचारू नका. त्याने एसएसडी बसवून नवी विंडोज मागच्या पडवीतून आत घेतली आणि आजोबा आठ सेकंदांत उठायला लागले. माणसं कामाशिवाय वाचनालयात यायची, नम्रताला म्हणायची, "बंद करून परत लाव बघू गो," आणि तोंडाने आकडे मोजायची.

दिवाळी झाली आणि पडद्यावर सूचना आली: ह्या आवृत्तीची मुदत संपली. नम्रताने फोन केला. बाबली गेला तेव्हा वाचनालयात पाच-सहा जण पेपर वाचत बसलेले. त्यांच्यादेखत "हे होणारच होतं" कसं म्हणायचं? त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि पुढची आवृत्ती, उठणार नाही हे माहीत असलेली, जबरदस्तीने वर चढवली. एखाद वेळेस उठेलही, असं माणसाला वाटतंच. मशीन बंद होऊन चालू झालं, बंद होऊन चालू झालं, आणि मग पडदा काळा तो काळाच.

"बाबलीकाका, काय झाला?" नम्रताने विचारलं. पेपर खाली आले. सहा जोडी डोळे.

आणि बाबलीच्या तोंडून महादू निघाला. अगदी नाकातून, मान डावीकडे कलवून:

"बा देवा म्हाराजा! कळो उजवो पडलो काय डावो, ता माका चष्म्याबगर दिसाक नाय म्हाराजा!"

हशा पिकला. एकाच्या तोंडातला चहा पेपरावर. नम्रतासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बाबलीही हसला, आणि हसता हसता त्याने मशीन पोत्यात घातलं नि दुकानात आणलं. तीन दिवसांत जुनी आवृत्ती परत चढवून, एकही कागद न हरवता, त्याने ते वाचनालयात नेऊन ठेवलं. आजोबा पुन्हा आठ सेकंदांत उठले.

डबा दुरुस्त झाला. वाक्य मात्र गावात फिरत राहिलं. पहिल्या दिवशी ते चहाच्या टपरीवर हशासकट गेलं. दुसऱ्या दिवशी पाणंदीतून वरच्या वाडीत पोचलं, तेव्हा हसू निम्मं उरलेलं. चौथ्या दिवसापर्यंत हसू गळून पडलं आणि नुसती गोष्ट उरली: महादूला दिसत नाही. मग माणसं मागचं उकरायला लागली. कोणाच्या मुलीचं लग्न कौल घेऊन केलेलं, ती माहेरी परत आलेली. कोणाची विहीर कौलावर खणलेली, तिला खडक लागलेला. "तेव्हापासूनच दिसणा नाय मेल्याक!"

बाबलीच्या घरी त्याची बायको सुगंधा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ता मशीन कित्याक बंद पडला, ता माका सांगा."

"अगं, तांत्रिकदृष्ट्या..."

"मालवणीत सांगा."

बाबली पाणी प्यायला उठला. बराच वेळ पाणी प्याला.

त्यानंतर दोन दिवसांनी महादू गुरव दुकानात आला. आयुष्यात पहिल्यांदा. वहाणा बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा, आणि स्टुलाच्या कडेवर टेकला. बाबलीने झेरॉक्सवाल्या दोघांना घाईघाईने वाटेला लावलं. न जाणो, त्यातला एखादा म्हणायचा, काका, नक्कल करा!

"बाबली, तू जाणकार, म्हणान इचारूक इलंय," महादू म्हणाला. "त्या दिवशी माझ्या हातान काय चुकला असात रे? कळो जास्त ओलो होतो काय? पानी जास्त झाला तर तो आपसूक सुटता. माझो बापूस सांगी, पानी बेतान लाव. तुका काय दिसला? तू जवळ हुतंस."

बाबलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्याने खाली ठेवला, मग उचलला, मग खिशात घातला.

"सात सोमवार धरलंय," महादू पुढे म्हणाला. "कुडाळाक जावन डोळे पन तपासलंय. डॉक्टर म्हणता, बरे आसत. म्हणजे डोळ्यांचा नाय. मग हाताचाच असतला."

आता सांग, आता सांग, असं बाबलीच्या आत कोणी ओरडत होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून आलं काय?

"असं आहे महादूकाका, ह्या गोष्टींमध्ये अनेक घटक असतात."

महादूने मान डोलावली. आदराने. शिकलेला माणूस म्हणतो त्या अर्थी असतील अनेक घटक. चहा न घेता तो उठला, वहाणा घातल्या आणि पुलाच्या बाजूने चालत गेला. बाबली दारात उभा राहून त्याची पाठ बघत होता. जी चाल तो इतकी वर्षं हुबेहूब करून दाखवायचा तीच ती चाल, एक पाय किंचित ओढत. नक्कल करताना महादूचा पाय दुखत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. दुपारभर त्याने कुणाचं काम घेतलं नाही. एक आलेला म्हणाला, "काय मेस्त्री, आज गाऱ्हाणा नाय?" तर त्याच्या अंगावर बाबली खेकसला.

जत्रा आठवड्यावर आली. देवळाच्या मंडपात गाव बसलं. मुख्य मानकरी सत्यवान परब, सगळ्यांचे तात्या, खाकरून म्हणाले,

"जत्रेक भायरची माणसां येतली. गावाचो शब्द जावक नये. माझ्या मनात, ह्या वर्सापास्ना कौल महादूच्या पुतण्याकडे देवया. महादू, तुझा काय म्हणणा?"

"माझा काय म्हणणा नाय तात्या," महादू म्हणाला. "डोळे बरे आसत. पण आता कळो हातात घेतलो की हात थरथरता. देवासमोर थरथरणारो हात बरो नाय."

एवढं बोलून त्याने हात उपरण्याखाली घेतला. जन्मभराचा मान चालला, आणि माणूस भांडतही नव्हता.

बाबली उठला.

"सन्माननीय मानकरी आणि ग्रामस्थहो, तांत्रिकदृष्ट्या पाहता..."

"बस रे खाली! इलो तांत्रिक!" मागून कोणी ओरडलं. मंडप हसला. बाबलीही सवयीने हसणार होता. ओठ अर्धे फाकले आणि तिथेच राहिले. खांबाला धरून तो तसाच उभा राहिला. हसू विरलं. बायकांच्या बाजूला सुगंधा जमिनीकडे बघत होती.

"कौल बरोबर हुतो," तो म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा, त्यामुळे लोकांना ओळखायला जरा वेळच लागला. "मी देवाक अर्धा सांगलंय. महादूकाकान इचारला कितकी वर्सां, मी म्हटलंय पाच. माका ठावक हुता दिवाळीपुरताच आसा. निलेश होडी म्हणालो, ता माका झोंबला. मागसून डबो बंद पडलो तो माझ्या हातान. पुढली विंडोज उठाची नाय ह्या म्हायत असान मी ती वरती घातलंय. आणि चष्म्याचा... ता मी उगाच बोललंय. तुमका हसवूक. हेंच्या डोळ्यांक काय एक झालेला नाय."

मंडपाबाहेर जत्रेसाठी कोणी बांबू उतरवत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"आणि आमी हसलो," सत्यवान तात्या शेवटी म्हणाले.

मग त्यांनी निकाल दिला. कौल महादूचाच. बाबलीने जत्रेत देवासमोर नारळ ठेवून हे सगळं परत सांगायचं. आणि मुंबईला फोनही त्यानेच करायचा: कंप्युटर पाठवा, पाटीसकट पाठवा.

"आणि आजोबांचा काय?" नम्रताने विचारलं. "फेकूचो?"

"फेकू नको गो. तेच्यात विंडोजच्या जागी फुकटची लिनक्स घालतंय, ती म्हाताऱ्या मशीनक सोसता. तेच्यार काय काय होवचा नाय, ता कागदार लिवन भितीर लावतंय."

फोन त्याने तिथेच, सगळ्यांसमोर केला. निलेश एवढंच म्हणाला, "काका, त्यात काय एवढं!" आणि ते 'त्यात काय एवढं' बाबलीला डांबरापेक्षा जास्त झोंबलं.

जत्रेत महादूने कौल लावले. हात पहिल्या कळ्याला थरथरला, मग नाही. बाबलीने नारळ ठेवला, सांगायचं ते सांगितलं, बाहेरगावची माणसं एकमेकांना कोपराने ढोसत "हो कोण?" विचारत होती. मग तीर्थाला रांग लागली. बाबली रांगेत सरकत पुढे आला. बोलायचं म्हणून एक वाक्य त्याने घरून बांधून आणलं होतं, चांगलं मालवणी.

महादूने सगळ्यांना घालत होता तेवढंच तीर्थ त्याच्या तळव्यावर घातलं. पळीभर, ना थेंब कमी ना जास्त. वर बघितलं नाही.

बाबली तीर्थ प्याला, ओला हात त्याने डोक्यावरून फिरवला आणि बांधून आणलेलं वाक्य तोंडात धरून तो तिथेच उभा राहिला. महादूची पळी पुन्हा भरून थांबली होती, पुढच्या हातासाठी.

"सर मरे फुडे," मागची म्हातारी म्हणाली, "लोकांका पण देव आसा."

तो सरला.