कौल मागितला, देवी हसली

देवावर माझा विश्वास आहे, पण त्या आठवड्यात तोही डळमळला होता. आमचा अमेय इथेच अमेरिकेत, बॉथेलमध्ये जन्मलेला, वाढलेला. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून अलास्काच्या मासेमारी बोटीवर माशांच्या नोंदी ठेवायला निघाला, तेव्हा मी रागाच्या भरात बोलून गेले, "गेलास तर मला फोन करू नकोस." पोरगं हट्टाला माझ्यावरच गेलंय. चार महिने फक्त बाबांना मेसेज करायचा. मग तिकडे वादळ झालं आणि सहा दिवस तेही बंद.

शेजारच्या लिन मावशी तैवानच्या, सत्तरीच्या. माझा चेहरा बघूनच त्यांनी मला गाडीत बसवलं आणि त्यांच्या समुद्रदेवीच्या देवळात नेलं. बाहेरून दुकानाचा गाळा वाटावा असं ते देऊळ. आत उदबत्त्या, संत्र्यांच्या राशी, आणि मुकुटाला मण्यांच्या झिरमिळ्या असलेली काळ्या चेहऱ्याची देवी. अगं बाई, ही तर आपलीच, असं मनात आलं. घरून नेलेला नारळ मी तिच्यापुढे ठेवला.

मावशींनी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे हातात दिले. एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार. म्हणजे कौलच की! आमच्या रत्नागिरीकडे देवाला कौल लावतात, तेव्हा मला कोणी शिकवायला नको होतं. मी मराठीतच विचारलं, "माझा अमेय सुखरूप आहे ना, आणि तो मला आपणहून फोन करेल ना?"

दोन्ही तुकडे उताणे पडले. मावशी खुदकन हसल्या. "दोन्ही उताणे म्हणजे देवी हसतेय, प्रश्न नीट नाही. एका वेळी एकच गोष्ट विचार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचा जीव टांगणीला, आणि मी तिथेही माझा हेका सोडला नव्हता. पुन्हा विचारलं ते फक्त त्याच्या जिवाचं. एक उताणा, एक पालथा. माझ्या डोळ्यांना धार लागली.

दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही. बाहेर पार्किंगमध्ये येऊन सरळ अमेयला फोन लावला, आणि त्याने उचलला. बोट नुकतीच बंदराला लागली होती, रेंज आत्ताच आली होती.

"आई, यू सेड डोन्ट कॉल," तो म्हणाला. "सो आय वेटेड."

याला योगायोग म्हणायचं तर खुशाल म्हणावं. देवीपुढे वाकणं मला कधीच जड गेलं नव्हतं. लेकापुढे वाकायला तिनं हसत हसत शिकवलं. आता दर रविवारी फोन मीच करते. नाही उचलला, तर परत करते.